टॉर्चमध्ये संपलेला सेल घड्याळात चालतो, मग तो संपला म्हणजे नेमकं काय झालं?

रात्रपाळी

मी नर्स आहे. महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी असते. वॉर्डातले दिवे मंद केले की सगळं काम खिशातल्या टॉर्चवर चालतं. सलाइनचे थेंब मोजायचे, डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचं. टॉर्च साधा आहे, छोट्या बल्बचा, एलईडी नाही. त्याला दोन पेन्सिल सेल लागतात, मी अल्कलाइन घालते.

तीन महिन्यांपूर्वी ऐन पहाटे टॉर्चचा उजेड पिवळा पडला आणि थोड्या वेळात फक्त बल्बची तार लाल दिसायला लागली. सेल बदलले. काढलेल्यांपैकी एक घरच्या भिंतीवरच्या घड्याळात घातला, दुसरा खणात पडला. घड्याळ आजपर्यंत एक मिनिटही मागे पडलेलं नाही. काल भावाचा मल्टिमीटर आणून तो सेल मोजला, तर १.२५ व्होल्ट. नव्या सेलवर १.५ लिहिलेलं असतं. मग एवढं शिल्लक असताना टॉर्चमध्ये तो मेला कसा?

आणि मुळात सेलमध्ये वीज भरलेली असते का? बारावीला ऑक्सिडीकरण-क्षपणाची समीकरणं पाठ केली होती, मार्कही चांगले पडले. पण सेल हातात घेतला की त्यातलं काहीच त्याला जोडता येत नाही. इलेक्ट्रॉन कुठून निघतात, कुठे जातात आणि शेवटी संपतं ते काय? समीकरणं न लिहिता कुणी सांगाल का?

निळा पतंग

पाण्याच्या टाकीसारखं समजा. टाकी भरलेली असताना नळाला जोर असतो, रिकामी होत आली की धार बारीक होते. टॉर्चला मोठी धार लागते, घड्याळाला थेंब थेंब पुरतो. म्हणून टॉर्च थांबला आणि घड्याळ चालू राहिलं.

परीक्षानळी

रात्रपाळी ताई, मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. द्रावणं बनवायची, प्रयोग मांडून ठेवायचे, मुलं गेल्यावर भांडी धुवायची. सेलचा प्रयोग मी किती वेळा मांडला असेल याची मोजदाद नाही. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जवळचा आहे. जरा सविस्तर लिहिते.

निळा पतंग यांचं थेंब आणि धारेचं म्हणणं बरोबर आहे, त्याच्याकडे नंतर येते. टाकीची उपमा मात्र मला नको वाटते, कारण तिच्यामुळे सेलमध्ये काहीतरी भरलेलं आहे असं डोक्यात बसतं. नव्या सेलमध्ये जितके इलेक्ट्रॉन असतात तितकेच संपलेल्या सेलमध्येही असतात. एका टोकातून जितके बाहेर पडतात, तितकेच त्याच क्षणी दुसऱ्या टोकातून आत येतात.

आधी सेल बाजूला ठेवा. एका चंचुपात्रात मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या सल्फेटचं, निळं द्रावण घ्या आणि त्यात जस्ताची घासून स्वच्छ केलेली पट्टी उभी करा. काही मिनिटांतच पट्टीवर काळपट-तांबूस थर धरायला लागतो. हे तांबं. निळा रंग हळूहळू उतरतो आणि द्रावण दाट असेल तर भांडं हाताला कोमट लागतं. मला हा कोमटपणा फार महत्त्वाचा वाटतो. मुलं रंग बघायची आणि पुढच्या टेबलाकडे जायची, मी त्यांना परत बोलावून भांड्याला हात लावायला सांगायचे.

काय झालं? जस्ताचा प्रत्येक अणू आपले दोन इलेक्ट्रॉन सोडून आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, होऊन पाण्यात उतरला. द्रावणातल्या तांब्याच्या आयनाने ते दोन इलेक्ट्रॉन घेतले आणि तो धातू होऊन पट्टीवर बसला. इलेक्ट्रॉन धरून ठेवण्याची तांब्याची ओढ जस्ताहून जास्त आहे, म्हणून हा व्यवहार आपणहून होतो आणि त्यात ऊर्जा मोकळी होते. पण देणारा आणि घेणारा एकाच जागी चिकटलेले आहेत. इलेक्ट्रॉनांना प्रवास असा करावाच लागला नाही. सगळी ऊर्जा भांडं कोमट करण्यात गेली.

आता या दोघांना वेगळं करा. एका पात्रात जस्ताच्या सल्फेटचं द्रावण आणि त्यात जस्ताची पट्टी. दुसऱ्या पात्रात मोरचूद आणि त्यात तांब्याची पट्टी. दोन्ही पट्ट्या तारेने व्होल्टमीटरला जोडा. काटा हलत नाही. मग गाळणकागदाची एक पट्टी पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून तिचं एक टोक या पात्रात, दुसरं त्या पात्रात सोडा. काटा उडी मारून १.१ व्होल्टच्या आसपास जाऊन थांबतो. कागद उचलला की काटा शून्यावर. पुन्हा ठेवला की पुन्हा १.१. मी एकतीस वर्षं हे पाहिलं, तरी तो ओला कागद टेकवताना माझं सगळं लक्ष काट्याकडेच असायचं.

ओल्या कागदाचं काम असं. जस्ताकडून इलेक्ट्रॉन निघून गेले की त्या पात्रात धन आयन जास्त होतात. तांब्याकडे धन आयन धातू होऊन बसतात, त्यामुळे तिथे ऋण सल्फेट शिल्लक राहतात. हा असमतोल अगदी किंचित झाला तरी पुढचा इलेक्ट्रॉन अडतो. कागदातून आयन इकडून तिकडे सरकतात आणि दोन्ही बाजू समतोल ठेवतात. म्हणजे तारेतून इलेक्ट्रॉन आणि द्रावणातून आयन, असा एक पुरा फेरा होतो. तारेत आयन नाहीत, द्रावणात मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत. दोन्हींची हद्द पट्टीच्या पृष्ठभागावर, आणि रासायनिक क्रिया तिथेच घडते. डॅनियल यांनी १८३६ मध्ये केलेला घट, म्हणजे सेल, तत्त्वाने हाच.

तुमच्या खिशातल्या सेलमध्ये याचीच दुसरी जोडी आहे. बाहेरचा डबा पोलादी. त्याच्या आतल्या भिंतीला मँगनीज डायॉक्साइड आणि ग्राफाइटची काळी भुकटी दाबून बसवलेली. मधोमध जस्ताची भुकटी, जेलमध्ये कालवलेली, आणि तिच्यात खुपसलेला पितळेचा खिळा. दोघांच्या मध्ये कागदासारखा पडदा, आणि सगळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने ओलं. हे अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, आहे म्हणून नाव अल्कलाइन. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, ते खिळ्यातून चपट्या टोकाला येतात, बल्बमधून जातात, वरच्या उंचवट्यातून पोलादी डब्यात शिरतात आणि तिथे मँगनीज ते घेतं. आतून हायड्रॉक्साइडचे आयन पडदा ओलांडून जस्ताकडे जातात. जस्ताचं हळूहळू जस्ताचं ऑक्साइड होतं. अल्कली दोन्हीकडच्या हिशोबात सरतेशेवटी तितकीच राहते.

तुम्ही विचारलंत ना, संपतं ते काय? तर जस्त संपतं. म्हणजे ते त्याच डब्यात असतं, पण देण्यासारखे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे उरलेले नसतात. आणि समोर घेणारं मँगनीजही भरत आलेलं असतं.

जुन्या पद्धतीच्या स्वस्त सेलमध्ये जस्ताचाच डबा असतो, आत नवसागर किंवा झिंक क्लोराइडची ओली लापशी आणि मधोमध कार्बनची कांडी. लक्लांशे यांच्या १८६६ च्या घटावरून ती रचना आली. पुष्कळांना वाटतं कार्बन आणि जस्त यांची क्रिया होते. कांडी फक्त इलेक्ट्रॉन आत पोचवते, तिच्यात काहीच बदल होत नाही. घेणारं तिथेही मँगनीज डायॉक्साइडच. या सेलमध्ये डबाच खर्ची पडतो, म्हणून जुना झाला की त्याला भोकं पडून ओल बाहेर येते.

एक विनंती: हे वाचून अल्कलाइन सेल कापून बघू नका. आतलं अल्कली कातडी भाजतं, डोळ्यात गेलं तर फार वाईट.

रात्रपाळी

परीक्षानळी ताई, ड्युटीवरून आल्यावर दोनदा वाचलं. बारावीला 'सॉल्ट ब्रिज' म्हणून एक वाकडी नळी काढायचे, ती कशासाठी हे आज कळलं. पण अजून दोन गोष्टी अडतात. हा १.५ आकडा कुठून येतो? मोठ्या जाड सेलवरही १.५ आणि चिमुकल्या सेलवरही १.५. आणि १.२५ व्होल्ट असताना टॉर्चमध्ये तो का मेला, हे राहिलंच.

परीक्षानळी

व्होल्ट म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्या ओढीतला फरक. तो जोडीवर ठरतो, मापावर नाही. जस्त-तांबं म्हटलं की १.१, मग पात्र वाटीएवढं असो की बादलीएवढं. जस्त आणि मँगनीज डायॉक्साइड म्हटलं की दीडच्या आसपास. फोनमधल्या लिथियम-आयन घटात जोडी वेगळी, म्हणून तिथे एकाच घटाचे ३.६-३.७ व्होल्ट. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मिळते, ती दीड-दीडच्या सहा घटांची माळ असते.

सेल मोठा केला की व्होल्ट तेच राहतात, माल वाढतो. आणि माल किती वीज देणार हे अगदी काटेकोर ठरलेलं आहे. व्होल्टा यांनी १८०० मध्ये जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे, अशी चळत रचली, तेव्हा त्यांची समजूत होती की दोन धातू एकमेकांना टेकले एवढ्यानेच वीज येते. रसायनाकडे ते गौण म्हणून बघत होते. किती पदार्थ बदलला आणि किती वीज वाहिली यांचं प्रमाण पक्कं असतं, हे फॅरेडे यांनी १८३० च्या दशकात मोजून दाखवलं. तुम्हाला पडलेला प्रश्न त्या काळच्या मोठ्या माणसांनाही पडलेला होता, आणि त्यावर बरीच वर्षं वाद चालला.

त्या प्रमाणाने हिशोब केला तर एक ग्रॅम जस्तातून सुमारे ८२० मिलिअँपिअर-तास मिळतात, म्हणजे एक मिलिअँपिअरचा प्रवाह ८२० तास. घड्याळ सरासरी ०.१५ मिलिअँपिअर घेतं असं धरा. मग एक ग्रॅम जस्त त्याला जवळजवळ साडेपाच हजार तास, म्हणजे साडेसात महिने चालवतं. तुमच्या टॉर्चचा बल्ब ३०० मिलिअँपिअर घेत असेल, तर त्याला तेच एक ग्रॅम पावणेतीन तास पुरतं. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा वहीत तीनदा तपासला होता.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सेल वापरात आला की जस्ताच्या कणांभोवती ऑक्साइड साठतं, काळी भुकटी फुगते, आयनांना सरकायला वाट अवघड होते. हा अडथळा सेलच्या आत असतो. समजा तो वाढून २ ओम झाला. टॉर्चने ०.३ अँपिअर ओढले की ०.६ व्होल्ट सेलच्या आतच खर्च होतात आणि १.२५ पैकी ०.६५ बाहेर येतात. घड्याळाने ०.१५ मिलिअँपिअर ओढले तर आत खर्च होतो व्होल्टचा तीन दशसहस्रांश भाग, म्हणजे नाहीच म्हणा. मल्टिमीटर तर घड्याळाहूनही कितीतरी कमी ओढतो. त्यामुळे त्याला नेहमी सेलची चांगली बाजूच दिसते. सेलची खरी पारख करायची तर बल्ब पेटता ठेवून त्याच वेळी सेलच्या टोकांवर मोजायचं.

काढून ठेवलेला सेल दुसऱ्या दिवशी थोडा वेळ पुन्हा चालतो, तेही यामुळेच. विसाव्यात आयन पसरतात, कोंडी थोडी सुटते. जस्त काही नव्याने तयार होत नाही. थंडीत सेल लवकर मान टाकतो, कारण आयनांची चाल मंदावते. ऊब मिळाली की परत येतो.

शांत दुपार

मी कानाला श्रवणयंत्र लावते, म्हणून यात माझी भर. आमच्या बटणासारख्या सेलवर एक रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की खाली सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात. पहिली दोन वर्षं मी पट्टी काढून लगेच यंत्रात घालायचे आणि सेल कमजोर निघाला म्हणून हळहळायचे. मग यंत्र बसवून देणाऱ्या बाईंनी सांगितलं की पट्टी काढून काही मिनिटं सेल टेबलावर उघडा राहू द्यायचा. कारण यात घेणारा पदार्थ डब्यात नसतोच. तो हवेतला प्राणवायू. भोकांतून हवा आत शिरेपर्यंत व्होल्ट चढत नाहीत. चढले की १.४ च्या आसपास.

परीक्षानळी ताईंचं वाचताना आज नवीन लक्षात आलं ते हे की मँगनीजची जागा वाचल्यामुळे जवळजवळ सगळा डबा जस्तालाच मिळतो. म्हणून इतका लहान सेल दिवसचे दिवस टिकतो. रात्री यंत्र काढल्यावर मी पट्टी परत चिकटवून बघितली आहे, फारसा उपयोग होत नाही. एकदा हवा लागली की आतलं द्रावण सुकत जातं.

बारा व्होल्ट

गाड्यांच्या बॅटऱ्यांचं काम करतो, बावीस वर्षं झाली. आमच्याकडे शिसं आणि गंधकाम्ल. एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या डायॉक्साइडची, मध्ये अ‍ॅसिड. एका खान्याचे दोन व्होल्टच्या थोडे वर, सहा खाने मिळून बारा. पूर्ण चार्ज असली आणि थोडा वेळ विसावली की मीटरवर १२.६ दिसतात.

वर ताईंनी लिहिलंय की अल्कलाइनमध्ये द्रावण तितकंच राहतं. आमच्याकडे तसं नाही. बॅटरी उतरते तसं अ‍ॅसिड दोन्ही प्लेटांमध्ये शिरतं, दोन्हींचं लेड सल्फेट होतं आणि मागे पाणी वाढतं. म्हणून आम्ही हायड्रोमीटर बुडवून ग्रॅव्हिटी बघतो, म्हणजे पाणी १००० धरलं तर द्रावण किती जड आहे ते. चार्ज असेल तर १२६०-१२८०, उतरली की ११०० च्या घरात. झाकण न कापता आतली क्रिया कुठवर आली हे वाचता येतं. मला या कामात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

चार्ज करताना वीज उलटी ढकलतो, तेव्हा सल्फेट परत शिसं आणि डायॉक्साइड होतं, अ‍ॅसिड परत पाण्यात येतं. पण बॅटरी उतरलेली तशीच महिनोन्‌महिने पडून राहिली तर सल्फेटचे कण मोठे आणि कडक होतात, मग ते परत फिरत नाहीत. लोक बॅटरी खराब निघाली म्हणतात, निम्म्या वेळा ती नुसती उतरलेली ठेवून दिलेली असते. पाणी कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, अ‍ॅसिड नाही, कारण उडून जातं ते पाणी. आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. शिकाऊ होतो तेव्हा पान्हा घसरून ठिणगी उडाली आणि एका खान्याचं झाकण माझ्या कानाजवळून गेलं. तेव्हापासून डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय बॅटरीवर वाकत नाही.

रात्रपाळी ताई, एक विचारतो. तुम्ही घड्याळातला एकच सेल मोजलात. खणातला दुसरा मोजलात का?

रात्रपाळी

नव्हता मोजला. आत्ता मोजला. ०.९४! दोन्ही एकाच टॉर्चमधून एकाच पहाटे काढलेले. असं कसं?

आता आठवतंय, रात्री कधी कपाटात एकच नवा सेल सापडतो, तेव्हा एकच बदलून काम भागवते. हे दोघे बहुधा तसेच, एक आधीचा, एक नंतरचा. आणि टॉर्च नीट बघितला तर तळाच्या स्प्रिंगवर पांढरी खरवड धरली आहे. तिचा याच्याशी संबंध आहे का?

परीक्षानळी

बारा व्होल्ट, नेमकं विचारलंत. माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

संबंध आहे, ताई. दोन सेल एकामागे एक असले की दोघांतून तितकाच प्रवाह जावा लागतो. एकाचं जस्त आधी संपलं, तरी दुसरा जोरात असल्यामुळे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो. त्या संपलेल्या सेलमध्ये मग नेहमीची क्रिया होत नाही, भलतीच सुरू होते. व्होल्ट उलटे होऊ शकतात, आतल्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो, दाब वाढतो आणि तळाच्या सीलमधून अल्कली झिरपतं. हवेतल्या कार्बन डायॉक्साइडशी मिळून त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. स्प्रिंगवरची पांढरी खरवड बहुधा तीच.

म्हणजे त्या पहाटे तुमच्या टॉर्चला अडवलं ते मुख्यतः खणातल्या सेलने. माझा २ ओमचा हिशोब समजण्यापुरता ठीक, पण तुमच्या घड्याळातला सेल मी धरला होता त्याहून बराच सशक्त असणार.

आज हे करा. हातमोजे घाला, ते तुमच्याकडे असतातच. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये किंचित बुडवून स्प्रिंग पुसा, थोडा फेस येईल, तो कार्बन डायॉक्साइड. मग साध्या पाण्याने ओलसर केलेल्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. स्प्रिंग हिरवी-काळी राहिली तर बारीक पॉलिश पेपरने घासा, नाहीतर तिथेही अडथळा राहील. यापुढे दोन्ही सेल एकदमच बदला, आणि एकाच प्रकारचे, एकाच वेळचे घ्या. घड्याळातला सेल राहू दे, पण महिन्यातून एकदा काढून त्याच्या तळाशी ओल दिसते का बघत जा.

रात्रपाळी

पुसलं. फेस आला, अगदी बारीक. दोन्ही नवे घातले, उजेड पूर्वीसारखा पांढरा आहे. ०.९४ वाला टाकून दिला नाही अजून. आमच्याकडे शिकाऊ मुली येतात, त्यांना टॉर्च देताना हे दोन सेल आणि मल्टिमीटर समोर ठेवून दाखवणार आहे. मोरचूद मिळालं तर भांड्याला हातही लावायला सांगेन.